चंचल हळू जेवते

९ जुलै २०२४

राइस मिलवाल्यांनी वाटलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडली होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते गावात कोणाजवळ बोलायची मला लाज वाटते.

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. लेकरं घरी गेली आणि मी नोंदी करत बसले. तेवढ्यात चंचल शाळेतून आली. कांताबाई म्हणजे आमच्या मदतनीस. त्यांनी गमतीनं तिला गरोदर बायांच्या काट्यावर उभं केलं. एकतीस किलो भरली. उन्हाळ्यात बत्तीस होती. तेरा वर्षांची पोरगी, आठवीत गेली आणि वजन उतरलं. कांताबाई म्हणाल्या, काटा बिघडला असेल. काटा बिघडलेला नाही. सकाळी मीच तपासला होता.

सोळा वर्षं झाली मी गावातल्या आयांना लेकरांच्या वजनाचा तक्ता दाखवते, रेघ खाली गेली की रागावते. आता माझ्याच घरातली रेघ खाली आली.

तसा तिला काही आजार नाही. लहानपणी दमा होता, कोपरांत आणि गुडघ्यामागं खाज यायची. ते सगळं गेलं. फक्त जेवायला फार वेळ लावते. चंचलचे बाबा जेवून तळ्यावर जाळं पाहायला जातात, मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पान खाऊन होतं, तरी ही ताटावर. एक घास, एक घोट पाणी. पोळी तर चिमणीला टाकावी एवढी बारीक तोडते. मामाजी म्हणतात, पोरगी नखऱ्याची झाली.

उद्यापासून दोन वेळा दूध सुरू करते. रतिबाचं एक लिटर वाढवून सांगितलं.

२१ जुलै

दुधाचं बरं जमलं. पोळीला तासभर लावणारी पोरगी दूध गटागट पिते. एकदाही अडत नाही. मग मी पोळीही दुधात कुस्करून द्यायला लागले. रात्री भातावर दूध. पोटात काहीतरी जातं हे पाहून बरं वाटतं.

धानाची रोवणी चालू आहे. सगळे चिखलात. आज एवढंच.

८ ऑगस्ट

शाळेतून फोन आला. हरिदास सर तालुक्याच्या गावी, मूलच्या शाळेत खो-खो शिकवतात. त्यांनी सांगितलं, चंचल पळते चांगली, पण मध्येच छाती धरून बसते. आणि डब्बा खात नाही. सुट्टी झाली की मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन एकटी बसते, डब्बा उघडते, बंद करते.

संध्याकाळी तिचं दप्तर पाहिलं. डब्ब्यात पोळी तशीच होती, भाजी तेवढी खाल्लेली. विचारलं तर म्हणाली, वेळ नाही मिळाला. अर्ध्या तासाची सुट्टी असते. मी म्हटलं, बाकीच्या पोरी कशा खातात? ती डब्बा आवरायला लागली. मला राग आला. बोलायला नको ते बोलले. मोबाईलमध्ये बारीक बाया पाहून तुलाही बारीक व्हायचं आहे का, असं म्हटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उठून गेली.

मला वाटतं हेच असेल. या वयात पोरींच्या डोक्यात असं येतं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

३० ऑगस्ट

मूलच्या खाजगी दवाखान्यात दाखवलं. जंताची गोळी दिली, आम्लपित्ताचं सिरप दिलं. पंधरा दिवसांचं सिरप संपलं. फरक नाही.

दुधात आता प्रोटीनची पावडरही टाकते. ती पावडर दुधाचीच असते, त्यामुळे चांगलीच.

२७ सप्टेंबर

दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा जेवता जेवता. खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर. मामाजींनी नजर उतरवली. मी नको म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं नाही.

तालुक्याच्या खो-खो संघात तिचं नाव नाही आलं. हरिदास सरांनी समजावलं की पुढच्या वर्षी पाहू, ताकद भरली पाहिजे. ती घरी आली, हातपाय धुतले, दुधाचा ग्लास उचलून न्हाणीकडं गेली, रिकामा घेऊन आली. शहाण्यासारखी पिऊन टाकते बिचारी.

२४ नोव्हेंबर

आत्ताच चंद्रपूरहून घरी आलो. झालं ते लिहून ठेवते.

नणंदेकडं मूलला बारसं होतं. दुपारी पंगत बसली. कोंबडीचा रस्सा होता. चंचल सगळ्यात शेवटी बसते, पण आज आत्याबाईनं, म्हणजे तिच्या आत्यानं, ओढून आपल्याजवळ बसवलं आणि म्हणाली, आज तुले माह्यासोबत जेवा लागते. आजूबाजूला सगळे भराभर जेवत होते. हिनंही भरभर खायचा प्रयत्न केला असावा.

मी वाढत होते. वळून पाहिलं तर ही ताठ बसलेली. डोळ्यांत पाणी, एक हात छातीच्या मध्ये. श्वास चालू होता, पण तोंडातून लाळ गळत होती. पाणी दिलं तर तसंच बाहेर आलं. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना. कोणी पाठीत थापट्या मारल्या. कोणी म्हणालं केळं द्या, कोणी म्हणालं सुक्या भाताचा गोळा दिला की ढकलला जाते. आणि तो गोळा मी माझ्या हातानं तिच्या तोंडात घातला. ती मान हलवत होती, नको नको करत होती. तरी घातला.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं हेच सांगितलं की आता वरून काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. घास अन्ननलिकेत अडला आहे, चंद्रपूरला दुर्बिणीनं काढावा लागेल. रुग्णवाहिकेत मी, हिचे बाबा आणि ती. तिच्या मांडीवर स्टीलचं पातेलं, त्यात ती थुंकत होती. दोन्ही बाजूंनी जंगल. अजयपूरच्या जवळ तिनं एकदम मान वर केली, गिळलं, आणि म्हणाली, "गेलं." हिचे बाबा तोंड खिडकीकडं करून बसले ते चंद्रपूर येईपर्यंत वळलेच नाहीत.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. घास गेला म्हणून हे संपलं असं समजू नका, म्हणाले. असं का झालं ते दुर्बिणीनं पाहू, २९ तारखेला या.

२९ नोव्हेंबर

गेलो नाही. मळणीचं यंत्र आजच मिळालं, मग आठवडाभर मिळणार नाही. पोरगी आता ठीक आहे. भात-वरण खाते, दूध पिते. सगळे म्हणतात, कोंबडीचा तुकडाच मोठा असेल, चावून खाल्लं की झालं.

मला झोप येते, पण तिच्या खोकल्यानं जाग येते. ती साधी खोकलली तरी.

१० डिसेंबर

आज लेकरांच्या तपासणीला आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टर आल्या. डॉ. कोवे. धानोऱ्याकडच्या, तिशीच्या आतल्या. सगळी लेकरं तपासून झाल्यावर कांताबाईंनीच विषय काढला. मी डोळ्यांनी नको म्हणत होते. पण त्यांनी बारशाची सगळी हकीकत सांगून टाकली.

डॉक्टर बाईंनी पेन ठेवला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, ती नेहमी जेवते कशी?

मी म्हटलं, हळू जेवते, नखरे आहेत.

"नखरे ठेवा बाजूला," त्या म्हणाल्या. "काय करते ते सांगा. पाणी किती पिते? काय खायचं टाळते?"

मी सांगत गेले. सांगताना माझं मलाच ऐकू यायला लागलं. प्रत्येक घासाला पाणी. पोळी, मटण, सुकी भाकर नको. भात पातळ वरणात कालवूनच. एकटी बसून जेवते. पाच-सहा वर्षांपासून तरी असंच. त्यांनी दम्याचं आणि खाजेचं विचारलं, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मला ती जेवताना पाहायची आहे. शाळा सुटली की डब्बा घेऊन आरोग्य केंद्रात या.

११ डिसेंबर

आजच्यासारखं काही मी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे रोज पाहत होते.

डॉ. कोव्यांनी चंचलला समोर बसवलं, स्वतःचाही डब्बा उघडला आणि जेवायला लागल्या. घाई नाही म्हणाल्या, तू रोज जेवते तशी जेव. घड्याळ भिंतीवर होतं. एका पोळीला चंचलला बेचाळीस मिनिटं लागली. बाटलीभर पाणी संपलं. तीन वेळा ती मध्येच थांबली, खांदे वर उचलले, मान थोडी लांब केली. ते मी घरी हजारदा पाहिलं आहे. मला वाटायचं, कंटाळा दाखवते.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "थांबते तेव्हा काय होते तुले?"

चंचलनं माझ्याकडं पाहिलं. मग छातीवर हात ठेवून त्यांना म्हणाली, "इथी अटकते. मंग मी वाट पाह्यतो. पाणी टाकलं का हळूहळू उतरते."

"रोज?"

"रोज. सगळ्यायले तसंच होत असन, असं वाटे मले. मंग वाटलं, मलेच जेवता येत नाई."

"आईले काऊन नाई सांगितलं?"

ती डब्ब्याचं झाकण फिरवायला लागली. "आई अंगणवाडीची बाई हाय. तिचीच पोरगी जेवत नाई म्हणून लोक तिले बोलतीन."

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. पाणी प्यायला गेले असं सांगितलं.

परत आले तेव्हा डॉक्टर बाईंनी कागदावर अन्ननलिकेचं चित्र काढलं होतं. त्यांना शंका आहे की ही ऍलर्जीची सूज आहे. दमा छातीत होतो, खाज कातडीला होते, तसंच काही मुलांत ते अन्ननलिकेत होतं. नळी सुजते, कडक होते, घास अडतो. लहान लेकरांत उलट्या, पोटदुखी, न वाढणं असं दिसतं. मोठ्या मुलांत घास अडकणं. त्यांनी सांगितलं की मी चुकतही असेन. दुर्बिणीनं आतून पाहिल्याशिवाय आणि नळीच्या आतल्या अस्तराचे बारीक तुकडे तपासल्याशिवाय कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. नागपूरला चिठ्ठी दिली. आणि माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, या वेळी मळणी असली तरी जा.

मळणीचं त्यांना चंचलनंच सांगितलं असणार.

१६ डिसेंबर

नागपूर. सकाळपासून उपाशी होती. नळी घशातून घालणार म्हटल्यावर हिचे बाबा तिच्यापेक्षा जास्त घाबरले. तिला झोपेचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत बाहेर आणलं. जागी झाल्यावर म्हणाली, झालं का? मले काईच नाई समजलं.

पोटाच्या आजाराच्या डॉक्टर म्हणजे वैरागडे मॅडम. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. अन्ननलिका आतून गुलाबी, गुळगुळीत असायला पाहिजे. हिची पांढुरकी, गांडुळाच्या अंगावर असतात तशा आडव्या वळ्या, उभ्या चिरा, आणि ठिकठिकाणी रवा सांडावा तसे पांढरे ठिपके. मॅडमनी वरून, मधून आणि खालून मिळून सहा तुकडे घेतले. एकाच जागचा घेतला तर आजार हुकू शकतो, म्हणून.

१९ डिसेंबर

रिपोर्ट आला. डॉ. कोव्यांची शंका बरोबर निघाली. वैरागडे मॅडमनी आजाराचं नाव माझ्या या डायरीतच लिहून दिलं: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. खाली त्यांच्याच अक्षरात: "हा संसर्ग नाही, कॅन्सर नाही, नखरे नाहीत." तिसरी गोष्ट त्यांनी चंचलला विचारून लिहिली.

इओसिनोफिल नावाच्या पेशी रक्तात असतातच. अन्ननलिकेत त्या नसाव्यात. सूक्ष्मदर्शकातून एका जागी पंधरा दिसल्या तरी आजार म्हणतात, हिच्या साठ होत्या. कशाच्या तरी ऍलर्जीनं जमतात, बहुतेक वेळा कुठल्या तरी खाण्याच्या. अशीच वर्षं गेली असती तर नळी आवळत गेली असती. अजून तसं झालेलं नाही. वेळेत आलात, म्हणाल्या. मला वेळेत आल्यासारखं वाटत नाही.

हिचे बाबा म्हणाले, मॅडम, रक्ताची तपासणी करून कशाची ऍलर्जी आहे ते एकदाच सांगून टाका. मॅडम म्हणाल्या, या आजारात त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, उगीच दहा गोष्टी बंद होतात आणि खरी गोष्ट राहून जाते. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतात त्या गोष्टी त्यांनी सांगितल्या: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, दाणे आणि मासे.

मासे म्हटल्यावर हे खुर्चीत सावरून बसले. आमच्या घरात तीन पिढ्या तळ्यावर जगल्या. घराच्या भिंतीला मासळीचा वास आहे.

सध्या खाणं काही बंद नाही. आधी आम्ल कमी करणारी गोळी, जास्त ताकदीची, रोज दोनदा, आठ आठवडे. बऱ्याच मुलांना तेवढ्यानंच बरं वाटतं. मग पुन्हा दुर्बीण. सिरपनं काही झालं नव्हतं, पण ते थोडं होतं आणि थोडेच दिवस दिलं होतं.

१९ जानेवारी २०२५

गोळ्या वेळेवर चालू आहेत. ती म्हणते थोडं बरं वाटतं. मला दिसत नाही. पण आता आम्ही तिच्या आधी उठत नाही. सगळे ताटावर बसून राहतो. मामाजी तळ्यावरच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या अर्ध्या खोट्या असतात.

शक्ती यावी म्हणून दूध चालूच आहे.

१८ फेब्रुवारी

दुसरी दुर्बीण झाली होती, आज रिपोर्ट मिळाला. साठच्या जागी पंचावन्न. मॅडमनी सरळ सांगितलं, गोळीचा उपयोग झाला नाही. बसनं परत आलो. मूलच्या स्टँडवर उतरल्यावर चंचल म्हणाली, "एक रस्ता बंद झाला. अजून दोन हाय म्हणे मॅडम." लेकरू मला धीर देत होतं.

दोन रस्ते असे. एक, दम्यात ओढतात त्याच जातीचं सूज कमी करणारं औषध, पण ओढायचं नाही, मधासारख्या घट्ट पदार्थात कालवून गिळायचं, म्हणजे ते नळीला चिकटतं. त्यावर अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. दुसरा, एकेक खाणं बंद करून पाहणं. मॅडमनी चंचललाच विचारलं, तुला काय जमेल? पाळायचं तुला आहे. तिनं म्हटलं, आधी खाणं बंद करून पाहते.

मॅडम म्हणाल्या, मग दुधापासून सुरू करू. सगळ्यात जास्त वेळा दूधच निघतं.

मी म्हटलं, मॅडम, दूध तर तिला मुळीच अडत नाही. तेच एक नीट उतरतं.

त्या म्हणाल्या, पातळ आहे म्हणून उतरतं. ही ऍलर्जी पुरळ उठावं तशी लगेच दिसत नाही. दूध पिऊन काही होत नाही असंच वाटतं, आणि आतून सूज हळूहळू वाढत राहते. त्यामुळे आईवडिलांच्या लक्षात येत नाही.

घरी येऊन रतिबाचं वाढवलेलं एक लिटर बंद करायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी

मागची पानं वाचली. जुलैची. ऑगस्टची. दुधात कुस्करलेली पोळी. दुधाची पावडर. सप्टेंबरच्या उलट्या. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे आणि मला एकदाही दिसलं नाही.

दुपारी चंचलला सांगून टाकलं. म्हटलं, दूधच असेल तर मीच तुला पाजलं, दोन-दोन ग्लास.

ती सायकलची चेन बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "अर्ध्याच्या वर तं मी न्हाणीत सांडत होती. मांजरीले विचार."

मला हसू आलं. ती पण हसली. मग मला रडू आलं आणि ती तेलकट हात तसेच ठेवून माझ्या खांद्याला टेकून बसली.

२२ फेब्रुवारी

दूध घरातून काढणं सोपं वाटलं होतं. दही, ताक, तूप, पेढा, पनीर हे कळतं. पण बिस्किटात दुधाची पावडर, बेकरीच्या पावात दूध, चिप्सच्या मसाल्यात दूध. मी आणि चंचल मूलच्या दुकानात पाकिटांची मागची बाजू वाचत अर्धा तास उभ्या होतो. दुकानदारानं विचारलं, काही चूक निघाली का?

आहारतज्ज्ञ ताईंनी कागद दिला आहे. दूध नाही म्हणून हाडं कच्ची राहायला नकोत. तीळ, जवस, हिरवा भाजीपाला, कॅल्शियमची गोळी, आणि काट्यासकट खाता येतात असे बारीक मासे. हे वाक्य मी मामाजींना दोनदा वाचून दाखवलं. ते लगेच जाळं घेऊन निघाले. आल्यावर बारीक मासोळ्या चुलीवर कडक करून त्यांनी स्वतः खलबत्त्यात कुटल्या. चंचलच्या भातावर चमचाभर घातल्या आणि ती खाईपर्यंत समोरून हलले नाहीत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दरवर्षीप्रमाणे मार्कंड्याला गेलो. वैनगंगेचं पाणी थंडगार. दर्शनाची रांग दोन तास. बाहेर आल्यावर मामाजींनी पेढ्याचा प्रसाद वाटला. चंचलनं हात पुढं केला, घेतला, कपाळाला लावला आणि थांबली.

मामाजी म्हणाले, देवाचा प्रसाद हाय, त्यानं काई होत नाई.

मी तोंड उघडणार होते. मागच्या वर्षीची मी असते तर म्हटलं असतं, खा, एवढ्याशानं काय होते. चंचलनंच उत्तर दिलं. "आबाजी, देवाले माहीत हाय मले काय झालं ते. माह्या वाटचा तुमी खा." तिनं पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला. मामाजींनी तो खाल्ला नाही, रुमालात बांधला. थोडं पुढं गेल्यावर फुटाण्याच्या गाडीवर थांबले आणि विकणाऱ्याला विचारलं, यात दूध नाई ना टाकलं? तो बिचारा बावरला.

१६ मार्च

होळीला नणंदेकडं तिनं खव्याची पुरणपोळी टाळली, पण ज्या भाजीत साय टाकली होती ती चुकून खाल्ली. नंतर कळलं. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. मी मॅडमना फोन केला. म्हणाल्या, एकदा चुकलं म्हणून सगळं वाया जात नाही, पुढं चला. फक्त लपवू नका.

८ एप्रिल

आज ती ताटावरून उठली आणि मी अजून जेवत होते. उठून गेल्यावर लक्षात आलं. मी कोणाला काही म्हटलं नाही. उगीच बोलून दृष्ट लागू नये.

१७ मे

नागपुरात पंचेचाळीस डिग्री. तिसरी दुर्बीण मागच्या आठवड्यात झाली, आज रिपोर्ट. मॅडमनी आधी फोटो दाखवला. मला वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे. गुलाबी. वळ्या गेलेल्या, ठिपके नाहीत. साठच्या जागी दोन.

हिचे बाबा म्हणाले, म्हणजे बरी झाली?

मॅडमनी समजावलं. आजार शांत झाला, गेला नाही. दूध परत सुरू केलं तर परत येईल. पोरीला बरं वाटतं म्हणून तपासणी सोडायची नाही, कारण वाटणं आणि आतलं दिसणं नेहमी सारखं नसतं. कधी घास अडलाच आणि थुंकी गिळता आली नाही तर वरून काही न ढकलता लगेच दवाखान्यात. पण एकच खाणं दोषी निघालं हे चांगलं झालं, म्हणाल्या, काही मुलांना चार-चार सोडावी लागतात.

"मासे?" हिच्या बाबांनी विचारलं.

"मासे खा. सगळ्यांनी खा."

वजन छत्तीस किलो. काटा त्यांचा होता, मी तपासला नाही.

२१ जून

परवा डॉ. कोव्यांनी बोलावलं. तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकांची बैठक होती, दहा मिनिटं मी बोलायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. साठ बायांसमोर उभी राहिले. आजाराचं नाव वाचून दाखवलं, पण ते लक्षात ठेवा असं म्हटलं नाही. म्हटलं, न वाढणाऱ्या सगळ्याच लेकरांना हा आजार नसतो, फार थोड्यांना असतो. पण एखादं लेकरू घास गालात धरून बसतं, घासाघासाला पाणी मागतं, जेवताना पुन्हा पुन्हा उलटी करतं, घरात दमा किंवा खाज आहे, तर त्याला नखऱ्याचं म्हणण्याआधी एकदा समोर बसून जेवताना पाहा. मी माझ्या पोरीला पाहिलं नाही, हेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं. पण सांगितलं.

नंतर सिंदेवाही रस्त्यावरच्या एका गावची सेविका जवळ आली. तिच्या अंगणवाडीत असाच एक चार वर्षांचा मुलगा आहे म्हणे. डॉक्टर बाईंनी नाव लिहून घेतलं.

६ सप्टेंबर

चंचल जिल्ह्याच्या खो-खो शिबिराला गेली आहे. चंद्रपूरला, पाच दिवस, वसतिगृहात राहायचं. जायच्या आधी मी स्वयंपाक्याला द्यायची चिठ्ठी लिहिली होती, काय चालतं, काय नाही. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, मीच बोलीन. मी म्हटलं, विसरशील. ती म्हणाली, "माह्या गळ्याचं मीच विसरन का वो आई?"

चार दिवस फोन नाही. मी हरिदास सरांना करायला घेतला आणि ठेवून दिला.

आज संध्याकाळी तिनंच केला. पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन पत्रू नावाच्या स्वयंपाक्याला भेटली होती. त्याला सगळं सांगितलं. त्यानं खीर होती त्या दिवशी हिच्यासाठी गुळाच्या पाण्यात तांदूळ शिजवून वेगळे काढले. मग तिच्या गटातल्या दोघी म्हणाल्या, आमालेबी तेच दे. आज सामन्यात तिनं तीन गडी मारले. कोणाकोणाला ते नावं घेऊन सांगत होती, मला एकही नाव लागत नव्हतं. मी मध्येच विचारलं, जेवणाला त्रास तर नाही ना, वेळ पुरतो का? मागून घंटा वाजल्याचा आवाज आला, पोरी पळाल्याचा आवाज आला.

"आई, जेवाले बोलावून राह्यले," ती म्हणाली. "उशीर झाला का जागा भेटत नाई. ठेवतो."

आणि तिनं फोन ठेवला.